हातातलं आयुध हरवलं की ग्रीक देव ओळखायचा कसा?

घुबड (धागाकर्ता)

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ब्राँझची एक मूर्ती आहे. उंची २.०९ मीटर, काळ साधारण इ.स.पू. ४६०. दाढीवाला, नग्न, भरदार अंगाचा पुरुष. डावा हात नेम धरल्यासारखा समोर ताणलेला, उजवा मागे खेचलेला, पुढच्या क्षणी काहीतरी फेकणार. युबीया बेटाच्या उत्तरेला आर्टेमिसियन भूशिराजवळ १९२६ साली समुद्रातून तिचा एक हात निघाला, १९२८ साली बाकीचा देह. उजव्या मुठीत जे होतं ते मात्र मिळालं नाही. वज्र असेल तर हा देवांचा राजा झ्यूस, त्रिशूळ असेल तर समुद्रदेव पोसायडन. वाद अजून मिटलेला नाही.

ग्रीक देवांवर मराठीत कथा पुष्कळ सापडतात, पण समोर मूर्ती किंवा रंगवलेलं भांडं असताना देव ओळखायचा कसा, यावर फारसं लिहिलेलं दिसत नाही. त्यासाठी हा धागा. सुरुवात मी करते.

सगळ्यात आधी अक्षरं शोधावीत. अथेन्सचे चित्रकार भांड्यावर आकृतीशेजारी नाव लिहीत, कधी उजवीकडून डावीकडेही. फ्लॉरेन्सला असलेला फ्रँस्वा कलश (इ.स.पू. ५७० च्या आसपास, कुंभार एर्गोटिमोस, चित्रकार क्लिटियास) बघा. ६६ सेंटिमीटर उंचीच्या त्या एका भांड्यावर दोनशेहून अधिक आकृत्या आहेत आणि शंभराहून अधिक नावं. या कामासाठी याहून चांगली शाळा नाही.

अक्षरं नसतील तर हातातली वस्तू. झ्यूसचं वज्र आपल्या इंद्राच्या वज्रासारखंच मधे मुठीत धरायचं, दोन्ही टोकांना कळीसारखं फुललेलं असतं. सोबत राजदंड किंवा गरुड. पोसायडनकडे त्रिशूळ, डॉल्फिन किंवा मासा. अथेनाला शिरस्त्राण आणि भाला असतोच, पण खरी खूण एजिस: खांद्या-छातीवरचं कातडं, कडेला वळवळणारे साप, मधे गॉर्गन या राक्षसीचं मुंडकं. हर्मिसकडे दोन सापांच्या वेटोळ्यांचा दूतदंड, रुंद काठाची प्रवासी टोपी, पंखांचे जोडे. मद्यदेव डायोनिससकडे आयव्हीचा वेल, उंच कानांचा पेला (कांथरस) आणि टोकाला पाइनच्या बोंडासारखा गोळा असलेली काठी (थिर्सस). हेफेस्टसकडे (देवांचा लोहार) चिमटा नाहीतर हातोडा. डिमीटरकडे गव्हाच्या ओंब्या किंवा मशाल. आर्टेमिसकडे धनुष्य आणि हरिण.

झ्यूसची बायको हेरा ओळखणं अवघड. डोक्यावर मुकुट, हातात राजदंड, आणि पदर चेहऱ्यापासून जरा बाजूला धरायची ती विवाहितेची लकब, एवढंच हाती असतं. मोर तिच्यासोबत येतो तो मुख्यतः उशिराच्या, रोमन काळातल्या कामात. जुन्या भांड्यावर मोर शोधत बसलात तर हेरा समोर असून सापडणार नाही.

---

मृत्तिका

धागा आवडला. भांड्यांबद्दल एक इशारा देते, कारण इथे नवख्या माणसाची हमखास फसगत होते.

काळ्या आकृत्यांच्या शैलीत (साधारण इ.स.पू. सातवं-सहावं शतक) पुरुषांची कातडी काळी आणि स्त्रियांची पांढरी रंगवायची रीत होती. हा पांढरा रंग काळ्या लेपावर वरून चढवलेला असतो, त्याची पकड कच्ची असते आणि काळाच्या ओघात तो झडतो. मग अथेनाचा चेहरा काळा दिसतो आणि बघणारा तिला शिरस्त्राण घातलेला एखादा योद्धा समजतो. भांडं तिरप्या उजेडात बघा. जिथे पांढरा रंग होता तिथली चकाकी मेलेली असते, मंद डाग उरतो. डोळ्याचा आकारही बघा: पुरुषाचा डोळा गोल, समोरून काढल्यासारखा, स्त्रीचा लांबट, बदामी.

हा रंग टिकत नाही आणि काळा मात्र अडीच हजार वर्षं टिकतो, याचं कारण भाजणीत आहे. अ‍ॅटिकाच्या (अथेन्सभोवतालचा प्रदेश) मातीत लोह भरपूर. तीच माती पाण्यात कालवून जड कण खाली बसू द्यायचे, वरचा अतिबारीक गाळ काढून आटवायचा; हा झाला लेप. म्हणजे भांडं आणि लेप एकाच मातीचे, फरक फक्त कणांच्या बारीकपणाचा. भांडं अर्धवट वाळलं की त्यावर लेपाने आकृती काढायची आणि टोकदार हत्याराने लेप खरवडून आतल्या रेघा काढायच्या. एजिसच्या सापांची एकेक रेघ अशी भाजण्याआधीच खरवडलेली असते.

भाजणी एकच, पण तीन टप्प्यांत. पहिल्यांदा भट्टीची झडप उघडी, हवा खेळती, उष्णता ८०० अंश सेल्सियसच्या आसपास; सगळं भांडं लाल होतं. मग झडप बंद, आत ओलं लाकूड किंवा पाणी, उष्णता ९०० च्या वर. प्राणवायू संपतो आणि सगळंच काळं पडतं. याच वेळी लेपाचे बारीक कण वितळून काचेसारखे एकजीव होतात. शेवटी भट्टी निवत असताना झडप पुन्हा उघडायची. भांड्याची माती सच्छिद्र असल्यामुळे तिच्यात हवा शिरते आणि ती परत लाल होते. लेप काचेसारखा बंद असल्यामुळे काळाच राहतो.

बिघडतं ते या तिसऱ्या टप्प्यात. दुसऱ्या टप्प्यात उष्णता कमी पडली असेल तर लेप नीट मिटत नाही, मग तोही लालसर होतो. भट्टीत भांडी एकमेकांना चिकटून रचली असतील तर त्या जागी गोल डाग पडतो. देवाच्या अंगावर असा लाल पट्टा दिसला तर त्यात अर्थ शोधू नये, तो भट्टीचा दोष आहे.

---

ओंकारेश्वर_घाट

मृत्तिका, उत्तम माहिती. एक प्रश्न. आपल्याकडे विष्णूच्या चोवीस मूर्तींत शंख, चक्र, गदा, पद्म यांचा क्रम बदलला की नाव बदलतं, आणि ते ग्रंथात लिहून ठेवलंय. ग्रीकांकडे असं शिल्पशास्त्र होतं का? त्यात बघितलं की आर्टेमिसियनचा वाद मिटायला हवा.

---

घुबड

असा ग्रंथ नव्हता. पॉलिक्लिटस या शिल्पकाराने 'कॅनन' नावाचा ग्रंथ लिहिला होता, पण तो देहाच्या प्रमाणांबद्दल. कुठल्या देवाच्या हातात काय द्यावं याबद्दल नाही. इथे परंपरा घडते ती कारागिरांच्या सवयीतून, त्यामुळे ती बदलतेही. हर्मिस आणि डायोनिसस घ्या. सहाव्या शतकात दोघांना भरघोस दाढी असते. पार्थेनॉनवर (अथेन्समधलं अथेनाचं देऊळ, इ.स.पू. पाचवं शतक) पोचेपर्यंत दोघेही बिनदाढीचे तरुण झालेत. म्हणून दाढीवरून देव ठरत नाही, पण देव ठरला असेल तर दाढीवरून काळाचा अंदाज येतो.

खुद्द ग्रीकांनाही जुन्या प्रतिमा कळेनाशा झाल्या होत्या. इ.स. दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा प्रवासी ऑलिंपियाला किप्सेलॉसची पेटी ही जुनी, चित्रं असलेली पेटी बघतो. तिच्यावर पंखवाली आर्टेमिस आहे, उजव्या हातात बिबट्या, डाव्या हातात सिंह. तो सरळ लिहितो की तिला पंख का दिलेत हे आपल्याला माहीत नाही. फ्रँस्वा कलशाच्या कानांवर अशीच पंखवाली, दोन्ही हातांत पशू धरलेली देवी आहे. ती पशूंची स्वामिनी, आर्टेमिसचं जुनं रूप. सात-आठशे वर्षांनी ते रूप तिच्याच भाषेच्या माणसाला अनोळखी झालं.

---

सहदेव_भाडळी

आर्टेमिसियनकडे वळू या. मी झ्यूसच्या बाजूचा.

कारण एक: त्रिशूळाचा दांडा लांब असतो. उजवा हात कानाच्या पातळीला मागे आहे, म्हणजे समोरून बघताना दांडा थेट चेहऱ्यावरून आडवा जाईल. एवढं सुंदर मस्तक घडवून कुठला शिल्पकार ते झाकेल? वज्र आखूड, ते मुठीच्या मागे-पुढे जरासं दिसेल आणि चेहरा मोकळा राहील.

कारण दोन: त्याच पवित्र्यातल्या, मुठीत वज्र शाबूत असलेल्या लहान ब्राँझमूर्ती आहेत. डोडोनाहून मिळालेली, आता बर्लिनला असलेली मूर्ती तर जवळपास याच काळातली. तिथे पाय, हात, मान सगळं असंच.

---

लाटेवरचा

सहदेव, दुसरं कारण वजनदार आहे, ते मान्य. पहिलं मात्र तितकं पक्कं नाही. इटलीच्या दक्षिणेला पोसायडोनिया (आजचं पेस्टम) या शहराने सहाव्या शतकाच्या अखेरीस पाडलेली चांदीची नाणी बघा. पोसायडन लांब पाऊल टाकून निघालाय, त्रिशूळ डोक्याच्या पातळीला उगारलेला, दोन्ही हातांवरून उपरणं लोंबतंय. शेजारी शहराच्या नावाची पहिली अक्षरं, त्यामुळे देवाबद्दल शंका नाही. म्हणजे त्रिशूळ उगारलेला पोसायडन ग्रीकांच्या डोळ्यांना सवयीचा होता.

शिवाय मूर्ती समुद्रात सापडली म्हणून पोसायडन, हा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो. तो आपण सगळ्यांनी मिळून सोडून द्यावा. ती जहाजातून कुठेतरी नेली जात होती आणि जहाज बुडालं. त्याच ठिकाणी घोड्यावरच्या पोराची ब्राँझमूर्तीही मिळाली आहे. ती वेगळ्या, नंतरच्या काळातली. जहाज कुठे बुडालं, यावरून माल कुठल्या देवळातला होता हे कळत नाही.

---

सहदेव_भाडळी

नाण्याचं उदाहरण बरोबर आहे. पण नाणं सपाट असतं, त्यात दांडा डोक्यामागून नेता येतो. इथे हात प्रत्यक्ष कुठे आहे ते बघावं लागतं, आणि बोटांमधली पोकळी. तरी तुमचा मुद्दा धरून म्हणतो: पारडं झ्यूसकडे झुकलेलं आहे, पण काटा एका बाजूला टेकलेला नाही.

---

पोथी_आणि_पान

सगळे हातांकडे बघताय, म्हणून साहित्यातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. होमरच्या काव्यात देव आयुधावरून ओळखला जात नाही, कारण तो बहुतेक वेळा वेश पालटून येतो. मग तो कशावरून ओळखायचा?

'इलियड'च्या तेराव्या सर्गात पोसायडन कालखस ज्योतिष्याच्या रूपात येतो आणि आयास नावाच्या दोन्ही ग्रीक योद्ध्यांना धीर देतो. तो पाठ फिरवून निघतो तेव्हा धाकट्या आयासला कळतं. कशावरून? जाणाऱ्याच्या पावलांवरून, पोटऱ्यांच्या हालचालीवरून. तो म्हणतो की देव ओळखायला सोपे असतात. तिसऱ्या सर्गात अ‍ॅफ्रोडाइटी लोकर पिंजणाऱ्या म्हातारीचं सोंग घेऊन हेलनकडे येते. हेलनला तिचा गळा, छाती आणि चमकणारे डोळे दिसतात आणि सोंग तिथेच संपतं. पहिल्या सर्गात अथेना अकिलिसचे केस मागून धरते; इतर कुणाला ती दिसत नाही, तो वळतो आणि तिच्या डोळ्यांवरून तिला ओळखतो.

होमरचा देव असा चाल आणि नजर यांत असतो. वस्तू दुय्यम. आर्टेमिसियनच्या मूर्तीचे डोळे वेगळे घडवून खोबणीत बसवलेले होते, आज त्या खोबणी रिकाम्या आहेत. मला तर मुठीतल्या वस्तूपेक्षा ही हानी मोठी वाटते.

आणखी एक. कवी एकमेकांशी सहमत नसतात, म्हणून चित्र वाचताना कुठलं काव्य मागे आहे ते विचारावं. 'इलियड'मध्ये अ‍ॅफ्रोडाइटी झ्यूस आणि डायोनीची मुलगी. हेसिअडच्या 'थिओगोनी'त ती युरेनस या आकाशदेवाच्या छाटलेल्या अवयवाभोवती उठलेल्या समुद्रफेसातून जन्मते. हेफेस्टसला ऑलिंपसवरून कुणी फेकलं? 'इलियड'च्या पहिल्या सर्गात झ्यूसने, आणि तो लेम्नॉसवर पडला; अठराव्या सर्गात आईने, हेराने, आणि थेटिस या समुद्रदेवीने त्याला वाचवलं. एकाच काव्यात दोन कथा. भांड्यांवर गाजली ती हेराची, कारण पुढे तो सूड घेतो आणि मग डायोनिसस त्याला दारू पाजून खेचरावर बसवून परत आणतो. खेचरावरची आकृती दिसली की म्हणूनच चिमटा शोधा.

---

वीणावादिनी

पोथी_आणि_पान, फार सुंदर प्रतिसाद. वाद्यांबद्दल भर घालते. 'अपोलोची वीणा' असं आपण सरसकट लिहितो, पण वाद्यं दोन आहेत. लायर म्हणजे कासवाच्या पाठीवर कातडं ताणून केलेलं हलकं वाद्य, घरात आणि शाळेत वाजवायचं. किथारा म्हणजे लाकडी पेटीचं मोठं, जड वाद्य, स्पर्धेतल्या कलावंताचं. ते पट्ट्याने मनगटाला अडकवून उभ्याने वाजवत. पायघोळ अंगरखा आणि किथारा असेल तर अपोलो म्हणायला हरकत नाही. नुसती लायर असेल तर थांबा: ती साध्या विद्यार्थ्याच्या हातातही असते, आणि होमरच्या नावावरच्या हर्मिसच्या स्तोत्रात ती घडवतो हर्मिस, जन्माच्या पहिल्याच दिवशी, दारात भेटलेल्या कासवापासून. अपोलोच्या पन्नास गाई चोरल्यावर भरपाई म्हणून ती त्याच्याकडे जाते.

---

ओंकारेश्वर_घाट

आणि वस्तूही नाही, नावही नाही, तेव्हा?

---

घुबड

तेव्हा शेजार बघायचा. पार्थेनॉनच्या कोरीव चित्रपट्टीची (सुमारे १६० मीटर लांब, १ मीटर उंच, इ.स.पू. ४४२ ते ४३८) पूर्वेकडची बाजू यासाठी उत्तम. तिथे बारा देव बसलेले आहेत. बसूनही त्यांची डोकी उभ्या माणसांच्या पातळीला येतात, म्हणजे आकारानेच देवपण सांगितलंय. पाठ असलेलं आसन एकट्या झ्यूसला, बाकी सगळे साध्या चौरंगांवर. त्याच्या शेजारी पदर बाजूला धरणारी ती हेरा. दोन गटांच्या मधोमध अथेनाला अर्पण करायच्या वस्त्राची घडी, आणि तिच्या उजव्या अंगाला पहिलीच बसलेली अथेना; शिरस्त्राण नाही, एजिस मांडीवर. तिच्या शेजारी काखेत काठी घेऊन टेकलेला हेफेस्टस, लंगडेपणाची एवढीच सूचना. डाव्या टोकाला हर्मिस, टोपी मांडीवर. गुडघा दोन्ही हातांनी आवळून अस्वस्थ बसलेला तो युद्धदेव एरीस.

इथे हेस्टिया नाही, तिच्याऐवजी डायोनिसस आहे. चूलदेवी कलेत फार क्वचित दिसते, तिची कथाच थोडी.

हे संगमरवर आज पांढरं दिसतं, पण मुळात रंगवलेलं होतं आणि धातूचे भाग वेगळे बसवलेले होते. दगडात बारीक छिद्रं दिसली तर तिथे भाला, लगाम किंवा मुकुट होता असं समजा. छिद्रांची रांग कुठून कुठे जाते ते बघितलं की हरवलेल्या वस्तूची दिशा कळते.

---

मृत्तिका

+१. छिद्रं वाचायला शिकलं की संग्रहालय वेगळंच दिसतं.

---

हस्तिदंत

हरवलेल्या वस्तूंचं काय, अख्खी मूर्ती हरवली तरी तिच्या हातात काय होतं ते सांगता येतं. फिडियस या शिल्पकाराची पार्थेनॉनमधली अथेना (प्रतिष्ठापना इ.स.पू. ४३८) सुमारे १२ मीटर उंच, लाकडी सांगाड्यावर सोन्याचे पत्रे आणि हस्तिदंत. आज तिचा एक तुकडाही नाही. पण पॉसेनियसने वर्णन लिहून ठेवलंय: छातीवर हस्तिदंताची मेडुसा (तीच गॉर्गन), हातात चार हात उंचीची नायके (विजयदेवी), पायाशी ढाल, भाल्याजवळ साप, चौथऱ्यावर पँडोराचा जन्म, शिरस्त्राणावर मधे स्फिंक्स आणि दोन्ही बाजूंना ग्रिफिन (गरुडाच्या डोक्याचे सिंह). १८८० साली अथेन्समध्ये वार्वाकेऑन शाळेजवळ मिळालेली सुमारे १ मीटरची रोमनकालीन प्रतिकृती याच्याशी जुळते. त्या प्रतिकृतीत नायके धरलेल्या हाताखाली खांब आहे. मुळात तो होता की नाही यावर मतभेद आहेत, पण पुढे काढलेल्या हातावर माणसाएवढी मूर्ती तोलायची तर आधाराचा विचार फिडियसला करावाच लागला असणार.

सोनं किती? इतिहासकार थुसिडिडीस अथेन्सचा नेता पेरिक्लिस याच्या तोंडी ४० टॅलंटचा आकडा देतो. एक टॅलंट सुमारे २६ किलोचा, म्हणजे हजार किलोंच्या पुढे. पत्रे काढता येतील असे बसवले होते, अडचणीच्या वेळी शहराला वापरता यावेत म्हणून.

हस्तिदंताचा त्रास हवेचा. कोरड्या हवेत तो तडकतो, दमटात फुगतो. पॉसेनियस सांगतो की अथेन्सचा डोंगर कोरडा, म्हणून अथेनाच्या मूर्तीला पाण्याची गरज. ऑलिंपियाची जागा पाणथळ, म्हणून तिथल्या झ्यूसच्या हस्तिदंताला तेल. त्या झ्यूसपुढे तेल साठवण्यासाठी काळ्या दगडाची फरशी आणि भोवती संगमरवरी काठ होता. देव कितीही मोठा असो, त्याची निगा जागा बघूनच करावी लागे.

---

टांकसाळ

पहिल्या प्रतिसादातल्या वज्राच्या खुणेला एक अपवाद नोंदवतो. मिनँडर (आपला मिलिंद) याच्या चांदीच्या नाण्यांवर, इ.स.पू. दुसरं शतक, वज्र फेकणारी आकृती आहे. ती झ्यूसची नाही. शिरस्त्राण आणि ढाल बघा: ती अथेना आहे, मॅसिडोनियातल्या पेल्ला शहरात पुजली जाणारी अथेना अल्किडेमॉस. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. म्हणून एकाच वस्तूवर निकाल देऊ नये, किमान दोन खुणा जुळाव्यात.

आणि पोसायडन बघायला अथेन्सला जायलाच हवं असं नाही. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात ब्राँझच्या वस्तू मिळाल्या, त्यात पोसायडनची छोटी मूर्ती आहे. सातवाहन काळातल्या रोमन व्यापारातून आलेली, ग्रीक नमुन्यावरून रोमन काळात घडवलेली. ती टाउन हॉल संग्रहालयात आहे.

---

ओंकारेश्वर_घाट

मग कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवन (तेव्हा ग्रीकांना म्हणत) दात्यांची नावं आहेत, तिथेही ग्रीक देव शोधावेत का?

---

टांकसाळ

नाही. धेनुकाकट गावच्या यवनांची नावं तिथे आहेत, पण ती 'सिहधय' अशी इथलीच, आणि दान बौद्ध संघाला. त्या खांबांवर ग्रीक देव नाहीत. ब्रह्मपुरीचा पोसायडन मालासोबत आला, कार्ल्याचे यवन श्रद्धेने दान देऊन गेले. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

लाटेवरचा

कोल्हापूरची मूर्ती बघायला जाणाऱ्यांसाठी: अशा छोट्या ब्राँझमूर्तींत त्रिशूळ, दंड, पेला हे बहुधा वेगळे ओतून मुठीत बसवलेले असतात, त्यामुळे तेच आधी निसटतात. मूठ बाजूने बघा. आरपार भोक असेल तर लांब दांडा होता. तळवा वर आणि सपाट असेल तर त्यावर काहीतरी ठेवलेलं होतं. मग हात किती वर आहे ते बघा: खांद्याच्या वर असेल तर दांडा जमिनीला टेकलेला, देव त्यावर भार देऊन निवांत उभा. आर्टेमिसियनचा देव फेकतो आहे, हा उभा राहून समुद्र बघतो आहे. मोजपट्टी जवळ असेल तर मुठीपासून पायाच्या पातळीपर्यंतचं अंतर काचेबाहेरूनच अंदाजे घ्या. दांड्याचा खालचा भाग साधारण तेवढा होता.